मिलिटरीचं माप

मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आयताची परिमिती, वर्तुळाचा परीघ, अमुक लांबीच्या शेताला तारेचं कुंपण किती लागेल, असली उदाहरणं मी पोरांकडून इतकी घोटून घेतली की काही जण अजून कराडच्या स्टँडवर भेटले की गमतीनं सूत्र म्हणून दाखवतात. त्याच काळात मी गावच्या मैदानाची तीस फूट जमीन खाल्ली. दोन्ही कामं मन लावून केली. त्या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत माझ्या पुतणीचं पळणं संपत आलं होतं.

जमीन खाणं म्हणजे काय, हे ऊसवाल्या माणसाला सांगावं लागत नाही. नांगरट करताना शेवटचं तास, म्हणजे नांगराची शेवटची रेघ, बांधाला जरा घासून घ्यायची. एका सालात वीतभर, कधी हातभर. शेजाऱ्यानं हटकलं तर ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर ढकलायचं. शेजारी माणूस असला तर तो भांडतो, भावकी गोळा करतो, मोजणी आणतो. माझ्या रानाला लागून मैदान होतं, गायरानातलं, सगळ्या गावाचं. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, हे गणित मला शाळेतल्या गणिताच्याही आधी येत होतं. दर तीन वर्षांनी माझ्या उसाची एक सरी वाढायची. सगळीच बांध कोरतात, असं मी मनाशी म्हणायचो आणि पुढच्या कामाला लागायचो.

आमचं गाव मलकापूरपासून थोडं आत. घरटी एक माणूस फौजेत. आमच्या घरातून दादा गेला, माझा थोरला भाऊ. मी मागं राहिलो, शिकलो, मास्तर झालो आणि रानही बघू लागलो. दादा सुट्टीवर आला की घराची तऱ्हाच बदलायची. अंथरुणाच्या घड्या कडक व्हायच्या, चहा घड्याळावर व्हायचा, आणि मी स्वतःच्याच घरात ताठ बसायचो. अशाच एका सुट्टीत त्यानं मैदानावर चारशे मीटरचा ट्रॅक आखायचं मनावर घेतलं. कुठून तरी लांब टेप मागून आणला, दोर आणला, खुंट्या ठोकल्या. तीन दिवस आम्ही दोघं उन्हात वाकून मोजत होतो. दोन्ही वळणांवर त्यानं घमेल्याएवढे दगड अर्धे जमिनीत पुरले आणि त्यांना चुना फासला. शेवटच्या दगडावर बसून त्यानं टोपीनं घाम पुसला.

"ह्यात एक इंच इकडंतिकडं न्हाई बघ," तो म्हणाला. "मिलिटरीचं माप हाय हे."

हे वाक्य गावात म्हणीसारखं रुळलं. कुणाची कशावरून पैज लागली, तरी मैदान चारशे मीटर आहे यावर कधी लागली नाही.

पूर्वेकडचं वळण माझ्या बांधाला लागून होतं. दादाच्या बदल्या होत राहिल्या, कधी बर्फात, कधी वाळूत, आणि इकडं बांध सरकत राहिला. बांध दगडाला टेकला की मी पहारीनं दगड उकरायचो, पाऊलभर आत न्यायचो आणि पुन्हा पुरायचो. गणिताचा मास्तर असल्यामुळं वळणाचा गोल मी कधी बिघडू दिला नाही. चुनाही दर वर्षी नवा फासायचो. लोकांना वाटायचं, भाऊ फौजेत आहे तर हा त्याच्या ट्रॅकची किती काळजी घेतो. पोरं दगडावरून दगडावर फक्कीची रेघ ओढायची आणि पळायची. फेरी लहान होते आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला फक्त जमीन दिसत होती.

दादा सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे पाचला मैदानावर उभा राहू लागला. भरतीला जाणाऱ्या पोरांना तो फुकट शिकवायचा. घड्याळ माझ्याकडं असायचं, कारण मास्तरच्या हातून आकड्याची चूक होणार नाही, अशी त्याची खात्री. शाळेच्या मागच्या भिंतीला त्यानं काळा रंग लावून घेतला आणि त्यावर गावातल्या पोरांचे चांगले टाइम पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहायचं काम मला दिलं. माझं अक्षर वळणदार. वर तिरंगा काढला, खाली नावं आणि मिनिटं-सेकंद. एस.टी.तून उतरलेल्या परगावच्या पाहुण्याला आधी ती भिंत दाखवायची पद्धत पडली.

दादाची एक शिकवण मला फार आवडायची. फौजेत गोळी झाडली की चालत निशाणापाशी जायचं आणि आपली भोकं आपणच मोजायची, असं तो पोरांना सांगायचा. "तिथनंच वरडायचं न्हाई, लागली म्हणून. जाऊन बगायचं." टीव्हीवर भारताचा सामना हरला आणि पारावरची मंडळी पंच विकला गेला म्हणू लागली, की तो उठून जायचा. त्याचं देशावर अतोनात प्रेम होतं. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढताना त्याचे डोळे भरायचे आणि त्याची त्याला लाज वाटायची नाही. पण जे कमी आहे ते कमी म्हणायला पाहिजे, असं त्याचं मत होतं.

पोरं मात्र भरतीहून परत येत राहिली. इथं भिंतीवर नाव लागलेली पोरं तिथं पळण्यातच बाद व्हायची. चार गेली तर एखादा लागायचा. गावाकडं कारणं तयार असायची. वशिला चालतो, टाइम मोजायला पायात बांधतात ती चिप चुकते, आदल्या दिवशी खाल्लेलं बाधलं. दादा हे ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी पोरांना दोन फेऱ्या जास्त पळवायचा. आमच्या तयारीत काही कमी आहे, असं तो म्हणायचा. मैदानात काही कमी असेल, हे त्या माणसाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्यानं स्वतः मोजलं होतं आणि राखायला सख्खा भाऊ होता.

त्याची मुलगी, माझी पुतणी, आठवीत असताना पोरांच्या मागून पळू लागली. मला ती नाना म्हणायची, बापाला आण्णा. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, आणि पळताना तोंड घट्ट मिटलेलं. दहावीपर्यंत तिनं भरतीची निम्मी पोरं मागं टाकली. पंधराशे मीटर ही तिची शर्यत, म्हणजे आमच्या ट्रॅकच्या पावणेचार फेऱ्या. बारावीला असताना तिनं चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत त्या पुऱ्या केल्या. घड्याळ माझ्या हातात होतं. मी तीनदा बघितलं. दादानं माझ्या हातून घड्याळ घेतलं, चौथ्यांदा बघितलं, आणि ट्रॅकभर एक फेरी चालून आला.

त्या दिवसापासून त्याचा विचार ठरला. आधी सांगली, मग पुणे, मग देशाचा कॅम्प. तिच्या अंगावर तिरंग्याचा कोट बघायचा आणि मग डोळे मिटायचे. तो हे उघड बोलायचा नाही, पण मला कळायचं. मी भिंतीवर तिचा टाइम सगळ्यांत वर लिहिला, बाकीच्यांपेक्षा दोन बोटं मोठ्या अक्षरात. दादा मागं उभा राहून बघत होता.

सांगलीच्या स्पर्धेला आम्ही तिघंच गेलो. मैदान चांगलं होतं, रेघा कोरून काढल्यासारख्या होत्या. तिच्याबरोबर ठिकठिकाणच्या बारा-तेरा मुली होत्या. पहिल्या दोन फेऱ्या ती चौथी होती. तिसऱ्या फेरीला दोघी तिच्यापुढं गेल्या. शेवटच्या वळणावर तिनं जोर काढला, माझ्या डोळ्यांनी मी ते बघितलं, तसा जोर तिनं गावात कधी काढला नव्हता. पण पुढच्या मुली पुढंच राहिल्या. ती सहावी आली. बोर्डावर टाइम लागला, चार मिनिटं अठ्ठावन्न.

ती बूट काढून कडेला बसली होती. मी जवळ गेलो तेव्हा तिनं वर बघितलं. रडत नव्हती. चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, बरोबर सोडवलेलं गणित मी चूक ठरवल्यावर वर्गातल्या पोरांच्या चेहऱ्यावर असायचा तसा.

"नाना, धा सेकंद कुटं गेली?"

मी म्हणालो, "ऊन लय व्हतं."

तिकडं दादा टाइम घेणाऱ्या मंडळींच्या टेबलाशी उभा होता. घड्याळ चुकलंय, असं तो म्हणत होता. मोठ्या आवाजात नाही, पण हटत नव्हता. त्या टेबलावर एक वयस्कर बाई होत्या, पुष्कळ वर्षं पंच म्हणून काम केलेल्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"सुभेदारसाहेब, मुलगी छान पळाली," त्या म्हणाल्या. "राग मानू नका, तुमचं मैदान अलीकडं मोजलंय का? खेड्यातली मैदानं पुष्कळदा आखूड भरतात. मुलं इथं येतात आणि बिचारी स्वतःला दोष देत बसतात."

"बाई, ते मैदान म्या सोता मोजलंय," दादा म्हणाला. "मिलिटरीचं माप हाय ते. माझा भाऊ हाय तिथं, गणिताचा मास्तर. इचारा त्याला."

त्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली आणि म्हणालो, "चारशेच आहे." आयुष्यात मी खोटं बोललो नाही असं नाही, पण ते एक वाक्य अजून माझ्या कानात आहे.

येताना एस.टी.त दादा खिडकीशी, ती मधे आणि मी कडेला. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं. पेठ नाक्यावर दादा म्हणाला, "अन्याव झाला. घड्याळ खोटं व्हतं." ती हळूच म्हणाली, "न्हाई आण्णा. त्या पोरी माझ्या म्होरं व्हत्या. मी बगितलं की." इतकी सरळ पोरगी होती ती. स्वतःची भोकं स्वतः मोजून आलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मैदानावर कुणी नसताना, मी शाळेतला टेप घेऊन गेलो. एक टोक खुंटीला अडकवत एकट्यानं फेरी मोजली. तीनशे ब्याऐंशी मीटर भरली. पुन्हा मोजली, तेवढीच. एका बाजूचं वळण तीस फूट, म्हणजे नऊ मीटर आत आलं की जातानाचे नऊ आणि येतानाचे नऊ असे अठरा मीटर फेरीतून जातात. चौथीच्या पोराला सोडवता येईल असं गणित. पावणेचार फेऱ्यांत साडेसदुसष्ट मीटर जातात. म्हणजे भिंतीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलेले चार अठ्ठेचाळीस हे पंधराशे मीटरचे नव्हतेच. त्याच वेगानं पूर्ण अंतर पळाली असती तर तिला पाच मिनिटं दोन सेकंद लागली असती. आणि सांगलीला पूर्ण पंधराशे मीटर ती चार अठ्ठावन्नमध्ये पळाली होती.

मी बांधावर बसून राहिलो. पोरगी आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं पळून आली होती आणि ते जगात एका माणसाला माहीत होतं. घरी ती उशीत तोंड खुपसून पडली होती. तिची दहा सेकंद माझ्या उसात होती.

सांगायला हवं होतं. त्याच सकाळी, दंवानं ओला झालेला टेप हातात असताना घरी जाऊन सांगायला हवं होतं. मी दादाचा चेहरा डोळ्यांपुढं आणला आणि टेप गुंडाळून शाळेत परत ठेवला. तो देश राखायला गेला आणि मी घरबसल्या त्याचं मैदान खाल्लं, हे मला माझ्या तोंडानं बोलायचं होतं. मी स्वतःला सांगितलं, पोरगी लहान आहे, पुन्हा पळेल, विसरेल. भ्याडाला कारणं सुचायला वेळ लागत नाही. त्या वर्षीपासून मी बांधाला तास घासलं नाही. एवढीच काय ती माझी सुधारणा.

ती विसरली नाही. महिनाभर मैदानावर आली, पळाली, आणि मी घड्याळ वाचून दाखवलं की मान खाली घालायची. इथला टाइम चांगला आला की तिला जास्त वाईट वाटायचं. एका सकाळी ती आलीच नाही. दादा तिला हाक मारायला गेला तेव्हा ती भांडी घासत होती.

"मी गावापुरतीच हाय, आण्णा," ती म्हणाली. "भायेर गेलं की माझं पाय जात्यात."

पोलीस भरतीचा फॉर्मसुद्धा तिनं भरला नाही. दादा चिडला, त्यानं समजावलं, शेवटी नाद सोडला. पदवी झाली, सांगलीचं स्थळ आलं, मार्केट यार्डाजवळ घर. लग्नात दादा वाकून सगळ्यांना वाढत होता आणि मधेच थांबून तिच्या पायांकडं बघत होता. मी ते बघितलं आणि पंगतीतून उठलो.

मी घड्याळ धरणं मात्र सोडलं नाही, हे मला इथं लिहायलाच पाहिजे. त्यानंतरही कितीतरी वर्षं पोरं त्या तीनशे ब्याऐंशी मीटरवर पळत राहिली, मी टाइम सांगत राहिलो, भिंतीवर लिहीत राहिलो, आणि पोरं भरतीहून परत येत राहिली. एकेकाचं वय उलटून गेलं. काही आता साखर कारखान्याच्या गेटवर आहेत, काही महाबळेश्वरच्या टॅक्सीवर. त्यातला एखादा अजून वाकून नमस्कार करतो.

दादा गेला तो यकृताच्या दुखण्यानं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. शेवटचे आठ-दहा दिवस मी दवाखान्यात त्याच्या उशाशी होतो. एका दुपारी तो शुद्धीवर होता, वहिनी घरी गेली होती, खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची जवळ ओढली. आज सांगायचं, असं ठरवून आलो होतो. वाक्यसुद्धा तयार होतं.

तोच आधी बोलला. "पोरीवर अन्याव झाला बघ सांगलीला."

मी म्हणालो, "व्हय दादा."

"घड्याळ खोटं व्हतं."

"व्हय."

त्यानं माझा हात धरला. माझ्यासारखा भाऊ आहे म्हणून गावाचं मैदान राहिलं, असं काहीतरी तो पुटपुटला. मी दुसऱ्या हातानं त्याच्या पायावरची चादर सारखी केली. तीन दिवसांनी तो गेला आणि तिरंग्यात गुंडाळून नेतात तसा आपल्याला नेणार नाहीत याची त्याला जी खंत होती, ती पण त्याच्याबरोबर गेली.

पुढच्या पंधरा ऑगस्टला झेंड्यानंतर भाषणं झाली. आमच्या सरपंचाचा आवाज खडा. तो बोलता बोलता माझ्या पुतणीवर आला. ह्या मातीतली लेक देशासाठी पळणार होती, पण शहरातल्या लोकांनी घड्याळ मागं-पुढं करून तिची दहा सेकंद चोरली, खेड्याला वर येऊ द्यायचं नाही असा कट आहे, असं तो म्हणाला. टाळ्या पडल्या. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शाळेची पोरं ओळीत उभी राहून ऐकत होती, कागदी झेंडे हातात. मला त्या टेबलावरच्या वयस्कर बाई आठवल्या. त्यांनी दादाला खुर्ची दिली होती. आमच्या गावात त्या आता चोर झाल्या होत्या, आणि चोर पहिल्या रांगेत पाहुण्यांशेजारी बसला होता.

चार दिवसांनी मी चार माणसं लावून पूर्वेकडच्या सहा सऱ्या उभ्या उसासकट काढल्या. बांध जुन्या जागी नेला, दगड जुन्या जागी पुरले, आणि सरपंचासकट दहा-बारा जणांना बोलावून त्यांच्यासमोर फेरी मोजली. आधीची पण, उकरलेल्या खड्ड्यांवरून, आणि आताची पण. मग जे केलं ते सांगितलं. काही झाकलं नाही.

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. कुणी शिवी दिली नाही. म्हातारे खाली बघत होते, कारण त्यांचेही बांध कुणाच्या तरी रानात होते. शेवटी सरपंच मला बाजूला घेऊन गेला.

"गुरुजी, जमिनीचं काय न्हाई," तो म्हणाला. "समदीच कोरत्यात. तुमी परत दिली, मोठं मन हाय. पर ह्ये टाइमाचं कशाला काढलं? भिताडावरची समदी नावं खोटी पडली की."

"खोटीच हायती."

"आसू द्या. गावाला एवढंच हाय, गुरुजी."

मी भिंत पुसायला रंग घेऊन गेलो तेव्हा दोन तरणी पोरं आडवी आली. हात लावायचा नाही म्हणाली. आठवड्यानं त्यांनीच पैसे गोळा करून भिंतीला नवा रंग दिला आणि तेच टाइम पेंटरकडून पुन्हा लिहून घेतले. तिरंगाही नवा काढला, माझ्यापेक्षा चांगला. नव्या मैदानावर पोरांना जास्त वेळ लागतो म्हणून सकाळी दोघं-तिघंच येतात, बाकीची डांबरी रस्त्यावर पळतात.

मग सांगलीला गेलो. खरं तर आधी तिथं जायला हवं होतं. गावापुढं बोलणं सोपं होतं म्हणून ते आधी उरकलं. ती आता एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घ्यायचं काम करते. रविवार होता, घरी एकटीच होती. यार्डातून हळदीचा वास येत होता. मी घरून एक कागद लिहून नेला होता, कारण तोंडानं जमेल याची खात्री नव्हती. फेरी तीनशे ब्याऐंशी. गावातला खरा टाइम पाच दोन. सांगलीतला चार अठ्ठावन्न.

तिनं कागद वाचला. मी बांधापासून दादाच्या शेवटच्या दुपारपर्यंत सगळं सांगितलं. ती मधे एकदाच बोलली. "आण्णांना ठावं हुतं?" मी नाही म्हणालो. तिनं मान हलवली आणि पुन्हा कागदाकडं बघितलं.

"म्हंजे त्या दिवशी मी हरले न्हवते, नाना?"

हो म्हणणं फार सोपं होतं. दोन माणसांना मी असं हो म्हणून बसलो होतो.

"हरली व्हतीस," मी म्हणालो. "त्या पाच जणी तुझ्यापरास चांगल्या व्हत्या. पर तू जन्मात जेवढी पळालीस त्यात सगळ्यांत चांगली त्या दिवशी पळालीस. चार सेकंदांनी."

तिनं स्वतःच्या पायांकडं बघितलं, घरातल्या निळ्या स्लिपरांकडं.

"मला वाटलं हुतं, नाना," ती म्हणाली. "शेवटच्या फेरीला. आज पाय लय हलकं हायती, आसं कवाच पळाले न्हाई, आसं वाटलं हुतं. मग बोर्ड बगितला. तवापास्नं मला एखादी गोष्ट बरी जमली आसं वाटलं, की मी म्हणते, तुला काय कळतंय."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मला ह्ये तवा पायजे हुतं. अठराव्या वर्षी. आता घेऊन काय करू?"

तिनं कागदाची व्यवस्थित घडी घातली, माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि चहा टाकायला आत गेली.